‘बाई, एक विचारू का?’ : किशोरवयीनांसाठी कार्यक्रम आखणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
शिक्षण आणि आरोग्य विभागांत किशोरवयीन मुलामुलींसाठी कार्यक्रम, साहित्य आणि प्रशिक्षणं ठरवणारे सर्व अधिकारी आणि तज्ज्ञ

सविनय नमस्कार.

मी शिक्षिका आहे. गेली २२ वर्षं मोठ्या वर्गांना विज्ञान शिकवते. त्यातली ९ वर्षं शाळेच्या आरोग्य आणि सुरक्षा कार्यक्रमाची जबाबदारी माझ्याकडे आहे. हे पत्र बरीच वर्षं मनात होतं. लिहायला सुरुवात केली की पहिल्यांदा एका मुलाचा चेहरा डोळ्यांसमोर येतो, म्हणून त्याच्यापासूनच सुरुवात करते.

ही जबाबदारी आली तेव्हा महिन्याभरातच मी तीन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आले. परतताना हातात जाडजूड पुस्तिका, गुंडाळलेले तक्ते आणि प्रमाणपत्र होतं. पुढच्याच आठवड्यात मधल्या सुट्टीत नववीतला एक मुलगा जिन्यापाशी घुटमळत होता. “बाई, एक विचारू का? माझ्या मित्राचं आहे.” मित्राच्या छातीत एका बाजूला गाठीसारखं काहीतरी आलं होतं आणि हात लागला की दुखत होतं. “मुलांना असं होतं का?” मला उत्तर माहीत नव्हतं. शिक्षकाला सगळं माहीत नसतं, ते चालण्यासारखं होतं. पण पुढे मी जे केलं ते चालण्यासारखं नव्हतं. आजूबाजूला मुलं होती म्हणून मी संकोचले, घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाले, “मित्राला म्हणावं घरी सांग, डॉक्टरांना दाखव.” तो “हो बाई” म्हणाला आणि निघून गेला.

त्यानंतर जवळजवळ वर्षभर तो खेळाच्या तासाला मैदानात उतरला नाही. भर उन्हातसुद्धा शर्टावर जाड जॅकेट. मार्क घसरले. शिक्षक खोलीत आम्ही त्याला आळशी ठरवून मोकळे झालो. पुढच्या वर्षी त्याची आई भेटायला आली तेव्हा सगळं कळलं. त्याला आधी वाटत होतं की आपल्याला कॅन्सर झालाय. मग वर्गातली दोन-तीन मुलं चिडवायला लागली तेव्हा वाटायला लागलं की आपण मुलगा नाहीच. शेवटी कुठल्याशा दुखण्यासाठी दवाखान्यात नेलं असताना डॉक्टरांच्या हे लक्षात आलं, आणि त्यांनी पाच मिनिटांत समजावलं, की वयात येताना निम्म्याहून अधिक मुलग्यांना हे कमीअधिक प्रमाणात होतं. संप्रेरकांच्या चढउतारामुळे होतं आणि बहुतेकांचं सहा महिने ते दोन वर्षांत आपोआप जातं.

आई गेल्यावर मी कपाट उघडून ती पुस्तिका पहिल्या पानापासून शेवटपर्यंत चाळली. मुलींच्या मासिक पाळीवर एक प्रकरण होतं. मुलग्यांच्या शरीरावर दीड पान होतं, त्यात हा उल्लेख नव्हता. पण खरं सांगायचं तर तो असता तरी काय झालं असतं? जिन्यापाशी उभी असताना मी पुस्तिका उघडणार नव्हतेच. मला तिथे थांबता आलं नाही. “बरं झालं विचारलंस, शाळा सुटल्यावर दोन मिनिटं बोलू या,” इतकं साधं वाक्य तोंडातून निघालं नाही. तीन दिवसांच्या प्रशिक्षणात ते कोणी माझ्याकडून म्हणवून घेतलं नव्हतं. तीन दिवसांत मी एकदाच बोलले होते, स्वतःची ओळख करून देताना.

माझं सगळं म्हणणं त्या जिन्यापाशी आहे. मूल धीर करून एखाद्या मोठ्या माणसाजवळ येतं, तेव्हा त्या माणसाच्या हातात फार तर दोन मिनिटं असतात. त्या दोन मिनिटांत काय बोललं जातं आणि तोंडावर काय उमटतं, यावरून मूल ठरवतं की पुन्हा इथे यायचं की नाही. आपण छापत असलेलं साहित्य, आपण घेत असलेली प्रशिक्षणं, आपण मागत असलेले अहवाल यांतलं प्रत्येक काम या एका कसोटीवर घासून पाहा अशी माझी विनंती आहे. या दोन मिनिटांत त्या मोठ्या माणसाला याचा उपयोग होईल का?

आपण म्हणाल, माहिती नको का? माहिती हवीच. जागतिक आरोग्य संघटना १० ते १९ या वयाला किशोरवय म्हणते, आणि या दहा वर्षांत जगातल्या दर सात मुलांपैकी एकाला मानसिक आरोग्याची काही ना काही तक्रार असते, असा तिचाच अंदाज आहे. ५ ते २९ या वयोगटातल्या मृत्यूंचं सर्वांत मोठं कारण रस्त्यावरचे अपघात आहे. हे आकडे प्रशिक्षणात पहिल्या तासाला पडद्यावर दिसतात आणि ते दिसायलाच हवेत. पण नुसत्या माहितीनं मूल सुरक्षित होत नाही, हे आता जुनं ज्ञान झालं आहे. तरी आपल्या साहित्यात ते उतरलेलं दिसत नाही.

२००५ मध्ये मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. गाडी चालवण्याचा कॉम्प्युटरवरचा खेळ होता, सिग्नल पिवळा झाल्यावर थांबायचं की पुढे रेटायचं हे खेळणाऱ्यानं ठरवायचं. तेरा ते सोळा वर्षांची मुलं मित्र बघत असताना खेळली, की एकटी असतानापेक्षा कितीतरी जास्त धोका पत्करत. चोविशीच्या पुढच्या माणसांत मित्र असोत-नसोत, फारसा फरक पडला नाही. मित्र आल्यामुळे धोका धोका आहे हे कोणी विसरलेलं नसतं. मेंदूतला बक्षिसाला भुलणारा भाग त्या वयात जोरात असतो आणि लगाम धरणारा पुढचा भाग पंचविशीच्या आसपासपर्यंत घडत राहतो. आता आपल्या हेल्मेटच्या धड्याकडे बघा. अनेक अभ्यासांचा एकत्रित निष्कर्ष असा आहे की हेल्मेटमुळे दुचाकीस्वाराच्या मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो. हे आमच्या मुलांना पाठ आहे, परीक्षेत ती अचूक लिहितात. मागे दोन मित्र बसलेत आणि एक म्हणतोय “घालतोस कसलं, चल ना”, तेव्हा काय म्हणायचं, याचा सराव मात्र कोणी कधी घेतलेला नाही. तो सराव वर्गात घेता येतो. मी घेतला आहे. मुलं पहिल्यांदा हसतात, नंतर स्वतःच वाक्यं सुचवायला लागतात. “माझ्या भावाचा अपघात झालाय, मला घालू दे” हे त्यांनीच शोधलेलं एक वाक्य. खरं नसलं तरी चालतं, असं त्यांचं मत होतं. मी ते खोडलं नाही.

दुसरी गोष्ट भीतीची. आपल्याकडून येणाऱ्या तक्त्यांवर अजून कवट्या असतात, सडलेली फुप्फुसं असतात. मुलांना घाबरवलं की ती वाट बदलतील असं मोठ्यांना मनापासून वाटतं. अमेरिकेत १९७० च्या दशकात या विश्वासातून गुन्हेगारीकडे झुकलेल्या किशोरांना तुरुंगात नेऊन कैद्यांकडून धमकावण्याचे कार्यक्रम सुरू झाले. पुढे त्यांचा नीट अभ्यास झाला तेव्हा दिसलं, की या कार्यक्रमातून गेलेली मुलं न गेलेल्या मुलांपेक्षा जास्त गुन्हे करत होती. कार्यक्रम नुसता निरुपयोगी नव्हता, घातक होता. १९८३ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये सुरू झालेला ‘डेअर’ हा व्यसनविरोधी कार्यक्रम हजारो शाळांत पोहोचला. पोलिस अधिकारी वर्गावर येऊन व्यसनांबद्दल सांगत. पालक खूश, शाळा खूश. मूल्यमापनात मात्र मुलांच्या व्यसनांवर त्या मूळ कार्यक्रमाचा परिणाम नगण्य निघाला, आणि पुढे त्याचा अभ्यासक्रम बदलावा लागला. आपण नवी मोहीम आखताना हे दोन अनुभव टेबलावर ठेवावेत. ज्या कार्यक्रमाचं उद्घाटन छान होतं आणि फोटो छान येतात, तो काम करतोच असं नाही.

मग प्रशिक्षण कसं असावं? इथे मी जरा सविस्तर लिहिते, कारण मला ते एकदा मिळालं आहे.

जबाबदारी घेतल्यानंतरच्या चौथ्या वर्षी काही शाळांसाठी एक छोटा प्रयोग झाला. एक अनुभवी समुपदेशक बाई वर्षभर महिन्यातून एकदा दोन तास यायच्या. आम्ही आठ शिक्षक. पडदा नाही, प्रोजेक्टर नाही. त्या समोरच्या खुर्चीत बसून मूल व्हायच्या. कधी रडवेलं, कधी उद्धट, बहुतेकदा “काही नाही बाई” म्हणणारं. आम्ही बोलायचं. मध्येच त्या हात वर करून थांबवायच्या. “इथे तुम्ही सल्ला दिलात. ती अजून बोलत होती.” किंवा, “तुम्ही ‘का’ विचारलंत. ‘का’ म्हटलं की मूल आरोपी होतं. ‘काय झालं’ विचारून बघा.” पहिल्या दोन महिन्यांत मला स्वतःची लाज वाटायची. २० वर्षांच्या आसपास नोकरी झालेले दोन सहकारी तर चिडून गेले होते. पण त्या पुन्हा यायच्या, तोच प्रसंग पुन्हा घ्यायच्या, आणि मधल्या महिन्यात आमच्या शाळेत खरोखर काय घडलं ते विचारायच्या. ते विचारणं सगळ्यांत मोलाचं होतं.

त्यांनीच आम्हांला प्रश्नांचा क्रम शिकवला. जॉन गोल्डनरिंग आणि एरिक कोहेन या डॉक्टरांनी १९८८ मध्ये मांडलेली ‘हेड्स’ नावाची पद्धत आहे. किशोरवयीन मुलाशी बोलताना आधी घर, मग शाळा, मग मोकळ्या वेळात काय करतोस, मित्र कोण, असं सोप्याकडून अवघडाकडे जायचं. व्यसनं, लैंगिकता, निराशा आणि आत्महत्येचे विचार हे प्रश्न शेवटी येतात, तोवर मुलाला समोरचा माणूस अंदाजानं कळलेला असतो. आता त्यात खाणंपिणं आणि सुरक्षितताही धरतात. जगभर डॉक्टर ती वापरतात. शिक्षकाला पूर्ण मुलाखत घ्यायची गरज नाही, पण क्रम माहीत असला की आपण पहिल्याच वाक्यात “तू सिगारेट ओढतोस का?” असं विचारून दार बंद करत नाही.

आणखी एक वाक्य त्यांनी आमच्याकडून घोटून घेतलं. मूल म्हणतं, “कुणाला सांगणार नाही ना?” आपण लगेच म्हणतो, “नाही सांगणार, शपथ.” हे वचन कधीच द्यायचं नाही. म्हणायचं असं: “तू सांगशील ते माझ्यापाशी राहील. पण तुझ्या किंवा आणखी कुणाच्या जिवाला धोका आहे, किंवा कुणी तुला त्रास देतंय असं वाटलं तर मला मदत मागावी लागेल. आणि कोणाकडे मागायची ते आधी तुला सांगेन.” ऐकायला हे थंड वाटतं. अनुभव उलटा आहे. इतकं स्पष्ट ऐकल्यावर मुलं जास्त बोलतात.

त्याच वर्षाच्या शेवटी आठवीतली एक मुलगी वही तपासून घेताना सहज म्हणावं तसं म्हणाली, “मी नसते तर घरी सगळ्यांचं बरं झालं असतं.” आधीच्या वर्षी मी म्हणाले असते, “असं वेड्यासारखं बोलू नये.” त्या दिवशी मी वही मिटली, दुसऱ्या मुलींना बाहेर पाठवलं आणि विचारलं, “स्वतःला संपवून टाकावं असं मनात येतं का?” हे वाक्य मी सरावात इतक्या वेळा म्हटलं होतं की ते अडखळलं नाही. ती रडली आणि “हो” म्हणाली. आत्महत्येबद्दल थेट विचारल्यानं ती कल्पना डोक्यात शिरते ही समजूत अजून फार पसरलेली आहे. संशोधन तसं म्हणत नाही. विचारल्यानं धोका वाढत नाही, उलट पुष्कळदा मन हलकं होतं. मी तिला एकटं सोडलं नाही. समुपदेशक बाईंना फोन केला, आणि घरातल्या कोणाला बोलवायचं हे तिला विचारलं. तिनं मावशीचं नाव सांगितलं. संध्याकाळपर्यंत ती मावशीबरोबर डॉक्टरांसमोर बसली होती. ही मुलगी आता मोठी झाली आहे, कधीतरी भेटते. जगात १५ ते २९ या वयात होणाऱ्या मृत्यूंच्या कारणांत आत्महत्या तिसरी आहे. हा आकडा मी वाचला की मला ती वही आठवते.

तो प्रयोग वर्षानं संपला. कारण कळलं नाही, बहुधा निधी संपला असावा. पुढच्या वर्षी पुन्हा तीन दिवस, पुन्हा दीडशे माणसं एका सभागृहात, आणि “तुम्ही परत जाऊन आपापल्या शाळेतल्या इतरांना शिकवा” अशी सूचना. म्हणजे वरून पाच दिवसांचं शिकलेला माणूस पुढच्याला तीन दिवसांत सांगतो, तो पुढच्याला एका दिवसात आणि शाळेत ते मधल्या सुट्टीनंतरच्या पाऊण तासात उरकतं. पायरीपायरीनं खाली येताना सगळ्यांत आधी सराव गळतो, कारण त्याला वेळ लागतो. उरतात त्या पडद्यावरच्या स्लाइड्स. हृदय बंद पडल्यावर छाती दाबून रक्ताभिसरण चालू ठेवण्याचं कौशल्यसुद्धा सराव नसेल तर काही महिन्यांतच विसरायला होतं, म्हणून ते ठरावीक काळानं पुन्हा शिकवतात. रडणाऱ्या मुलासमोर बसण्याचं कौशल्य त्याहून सोपं आहे असं आपण कसं गृहीत धरलं?

म्हणून मागणी एकच मोठी आहे. दीडशे माणसांची तीन दिवसांची प्रशिक्षणं कमी करा आणि त्याच पैशात आठ-दहा माणसांचे गट करून वर्षभर, महिन्याला दोन तास, सराव आणि पाठपुरावा द्या. माणसं कमी होतील, चालेल. प्रत्येक शाळेत दोन तरी माणसं अशी तयार व्हावीत, त्यात एक पुरुष असावा. मुलग्यांना विचारायला कोणी नसतं, हे मी त्या जॅकेटवाल्या मुलाकडून शिकले.

साहित्याबद्दल आता. पुस्तिका जाड नको, हाताशी हवी. मुलं खरंच विचारतात ते प्रश्न आणि त्यांची चार-चार ओळींची उत्तरं: झोपेत वीर्य जाणं, पाळी अनियमित येणं, एक स्तन मोठा एक लहान दिसणं, मुरुमं, उंची थांबली का, रात्री झोप का येत नाही. या शेवटच्या प्रश्नावर तर मुलं रोज शिव्या खातात. वयात येताना झोप आणणारं मेलाटोनिन संप्रेरक रात्री उशिरा स्रवायला लागतं, त्यामुळे या वयात लवकर झोपच येत नाही. गरज मात्र आठ ते दहा तासांची असते. हे घरी आणि शाळेत माहीत असतं तर सकाळच्या पहिल्या तासाला पेंगणाऱ्या मुलाकडे आम्ही वेगळ्या नजरेनं पाहिलं असतं. लोहाच्या गोळ्या, ९ ते १४ या वयातल्या मुलींसाठीची गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची एचपीव्ही लस, रोज तासभर हालचाल, यांवर आपलं साहित्य पुरेसं आहे. तिथे मला फार म्हणायचं नाही. पोचतं का ते बघा, एवढंच.

फोनवरच्या धोक्यांचं साहित्य मात्र फार मागे आहे. “अनोळखी माणसाशी बोलू नका” यापलीकडे ते जात नाही. मुलगा किंवा मुलगी फसून फोटो पाठवून बसली, आणि आता समोरचा पैसे मागतोय किंवा सगळ्यांना पाठवीन म्हणतोय, तेव्हा काय करायचं हे लिहिलेलं नसतं. पैसे द्यायचे नाहीत, बोलणं थांबवायचं पण मेसेज पुसायचे नाहीत, तेच पुरावे असतात, आणि त्याच दिवशी एका मोठ्या माणसाला सांगायचं. शिवाय १८ वर्षांखालच्यांच्या अशा फोटोंसाठी ‘टेक इट डाउन’ ही मोफत सेवा आहे. हरवलेल्या आणि शोषित मुलांसाठी काम करणाऱ्या अमेरिकेतल्या राष्ट्रीय केंद्रानं ती २०२३ मध्ये आणली, आणि ती कुठूनही वापरता येते. फोटो कोणाला पाठवावा लागत नाही, तो फोनमध्येच राहतो. त्याचा फक्त एक डिजिटल ठसा तयार होतो आणि सहभागी कंपन्या त्या ठशावरून तो फोटो शोधून काढून टाकू शकतात. नावही द्यावं लागत नाही. हे मला कुठल्याही प्रशिक्षणात सांगितलं गेलं नाही, शोधता शोधता सापडलं. आणि या सगळ्याच्या आधी त्या मुलाला ऐकू यायला हवं असं वाक्य: “चूक त्याची आहे. तू मला सांगितलंस हे बरोबर केलंस.”

लैंगिक अत्याचाराबद्दल मूल बोललं तर काय, हे आपल्या पुस्तिकेत एका परिच्छेदात आहे: “संबंधितांना कळवावे.” कळवायलाच हवं, कायदा असेल तिथे ते बंधनकारकही असतं. पण तोवर काय? जागतिक आरोग्य संघटनेनं २०१७ मध्ये यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांचा भर मुलाचं शांतपणे ऐकून घेण्यावर, त्याला दोष न देण्यावर आणि तीच हकिगत पुन्हा पुन्हा सांगायला न लावण्यावर आहे. प्रत्यक्षात एकच मूल वर्गशिक्षक, मुख्याध्यापक, समिती, असं करत चार-चार वेळा तेच सांगतं आणि दर वेळी थोडं आणखी मोडतं. कोणी एकदा ऐकायचं, कोणी लिहून घ्यायचं, कोणी कुठे कळवायचं, हे आधीच ठरवून प्रत्येक शाळेत एका पानावर लावलेलं असू दे. त्या पानावर पदनाम नको, माणसाचं नाव आणि उचलला जाणारा फोन हवा. मागे मी पुस्तिकेतल्या पाच क्रमांकांवर फोन करून पाहिला होता. दोन बंद होते.

लैंगिकता शिक्षणाबद्दल विरोध होतो हे मला माहीत आहे, आपल्यालाही तो सोसावा लागतो. “शिकवलं तर मुलं बिघडतील” असं म्हणणाऱ्या पालकांचा मला राग येत नाही, ते घाबरलेले असतात. त्यांना सांगायला आपल्याकडे ठोस गोष्ट आहे. युनेस्कोनं इतर संयुक्त राष्ट्र संस्थांबरोबर काढलेल्या २०१८ च्या मार्गदर्शिकेत जगभरच्या अभ्यासांचा आढावा आहे. अशा शिक्षणानं मुलं लवकर लैंगिक संबंध सुरू करत नाहीत, आणि धोक्याचं वागणं कमी होण्याला मदत होते, असं तो सांगतो. हे पालकांसमोर मांडायला आम्हांला एकटं पाठवू नका. आपल्यापैकी कोणी तरी सोबत या. पालकांची सभा घेतली की पहिली वीस मिनिटं सगळे जमिनीकडे बघतात, मग कोणीतरी एक आई विचारते, “मुलीला पाळीबद्दल कधी सांगायचं?” आणि सभा सुरू होते.

एक गोष्ट लिहिताना हात थांबतो, पण लिहिते. मुलांच्या जवळ जाण्याचा अधिकार देणारं कुठलंही काम वाईट माणसालाही खुणावतं. ‘विश्वासू मोठा माणूस’ नेमताना नीट चौकशी करा. बोलण्याची खोली स्वतंत्र हवी, पण दाराला काच हवी, आवाज बाहेर जाऊ नये आणि माणसं दिसत राहावीत. शिक्षकानं मुलाशी खाजगी मेसेजवर गुपचूप बोलू नये हा नियम लेखी हवा. चांगल्या शिक्षकांचा यात अपमान नाही. त्यांचंही त्यात संरक्षण आहे. आणि जे हे काम मनापासून करतात त्यांचं ऐकायलाही कोणीतरी हवं. त्या मुलीनं “हो” म्हटलं त्या रात्री मला झोप आली नाही. मी समुपदेशक बाईंना फोन करू शकले. बहुतेक शिक्षकांना असा फोन नसतो.

मुलांना विचारा, हेही सांगायचं होतं. जागतिक आरोग्य संघटना आणि यूएनएड्स (संयुक्त राष्ट्रांचा एड्सविषयक कार्यक्रम) यांनी २०१५ मध्ये किशोरवयीनांच्या आरोग्यसेवांसाठी आठ जागतिक मानकं ठरवली, त्यातलं आठवं मानक किशोरवयीनांच्या सहभागाचं आहे. आम्ही वर्गात नाव न लिहिता चिठ्ठ्या टाकायची पेटी ठेवली. पहिल्या महिन्यात शिव्या आणि चेष्टा आल्या. ती काढून टाका असं सहकारी म्हणाले. दुसऱ्या महिन्यात एक चिठ्ठी आली: “मुलींच्या स्वच्छतागृहाची कडी तुटलीय म्हणून आम्ही दिवसभर पाणी पीत नाही.” तीन दिवसांच्या प्रशिक्षणात भरपूर पाणी प्या असं सांगणारा एक सुंदर तक्ता आम्हांला मिळाला होता. कडी बसवायला एक दुपार लागली.

आपण दर तीन महिन्यांनी आमच्याकडून अहवाल मागता. किती सत्रं झाली, किती हजर, किती पुस्तिका वाटल्या. हे रकाने आम्ही भरतो. त्यात एक रकाना वाढवा. वर्षातून एकदा मुलांना, नाव न लिहिता, एवढंच विचारा: “तुला काही त्रास झाला तर शाळेत ज्याला सांगू शकशील असा एक तरी मोठा माणूस आहे का?” हो किंवा नाही. शाळेतल्या किती मुलांनी ‘नाही’ लिहिलं तो आकडा आमच्याकडून मागा आणि पुढच्या वर्षी पुन्हा मागा. आमच्या शाळेचा पहिल्या वर्षीचा आकडा मी पाहिला तेव्हा मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये बराच वेळ कोणी बोललं नाही.

पुढच्या महिन्यात पुन्हा प्रशिक्षण आहे, पत्र आलं आहे. मी येईन. कार्यक्रमपत्रिकेत पहिला तास उद्घाटनाचा आणि दुसरा आकडेवारीचा दिसतो. माझी विनंती आहे की पहिल्या तासाला आम्हांला दोघादोघांना समोरासमोर बसवा. एकानं चौदा वर्षांचं व्हावं, खाली बघावं आणि म्हणावं, “बाई, एक विचारू का? माझ्या मित्राचं आहे.” आणि दुसऱ्याला उत्तर देऊ द्या.

आपली,
आरोग्य आणि सुरक्षा कार्यक्रमाचं काम पाहणारी एक शिक्षिका